खाडीकाठचा राब

दिवाळी झाली की फागी आणि तिचा नवरा लक्ष्या खोडाळ्याजवळच्या पाड्यावरून खाडीकाठी मिठागरावर कामाला उतरत. पोरं रखमीजवळ, म्हणजे फागीच्या सासूजवळ राहत. ओहोटी लागली की फागी तिवरांच्या झाडीतल्या चिखलात शिरायची. खेकडे त्याच दिवशी कालवणात जात; निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, मात्र झोपडीच्या छपरावर वाळत. पावसाळ्यात पाड्यावर मजुरी नसते. तेव्हा नागलीच्या भाकरीला हेच सुकं असायचं. निघताना रखमी बजावायची, "दुसरं काय नको आणू, सुकं आण."

यंदा मिठागर विकलं गेलं. तिथे गोदामं होणार होती. फागी-लक्ष्याला काम मिळालं ते शहरातून येणारा राडारोडा आणि कचरा पसरून खाजणाची दलदल बुजवायचं. बांध घालून भरतीचं पाणी अडवलं होतं. फक्त एका कोपऱ्यात मोरीतून पाणी शिरत होतं आणि तेवढीच तिवरं हिरवी होती.

"मुकादम, तू तेवढा कोपरा ठेव ना," फागी म्हणाली.

"का? बंगला बांधतेस?" मुकादम हसला. "मग हा कचरा टाकू कुठे? तुझ्या डोक्यावर?"

फागीने ते मनावर घेतलं. कचराच कमी झाला तर कोपरा उरेल. पेरणीआधी पाला, शेण जाळून शेत भाजतात, तो राब ती दर वर्षी दुसऱ्यांच्या शेतांत रचायची. तसाच तिने इथे रचला. खाली काटक्या, वर कचरा, त्यावर मातीचा थर. आग भडकू नये, नुसती धुमसावी. राब नेहमी उंचावर, म्हणून कोपऱ्याच्या वरच्या बांधावर. मुकादमाने पाहिलं आणि चालू दिलं. त्याचंच काम हलकं होत होतं.

राब बरेच दिवस धुमसला. पाल्याची राख होते, प्लास्टिकची झाली नाही. ते मातीखाली वितळलं आणि उतारावरून काळं ओघळत पाण्यात गेलं. एका सकाळी खेकडे बिळांबाहेर उताणे पडलेले दिसले. निवट्या काठाला लागल्या होत्या.

"काय केलंस गं हे?" लक्ष्या म्हणाला.

"राब केला. दुसरं काय केलं मी?"

तिने टोपली भरली. लक्ष्याने एक निवटी भाजून तोंडात टाकली आणि थुंकली. "घासलेट लागतंय. फेक."

"सुकल्यावर जाईल वास."

"आये खाईल?"

फागीने निवट्या छपरावर पसरल्या.

तेवढ्यात डंपर आला. "फागे, चल!" मुकादमाने कोपऱ्याकडे हात केला. "आता तर मेलं ना सगळं? मग तिथेच ओतू."

फागीने फावडं उचललं. दुपारपर्यंत कोपरा सपाट झाला. निवट्या वाळत असल्या की ती कावळे हाकायला छपराशी काठी ठेवायची. आजही ठेवली होती. एकही कावळा खाली उतरला नाही.