तीस दिवसांचा धडा

अकरावीला मी कायदा शिकवत असे. पाठांतरावर मार्क मिळतात, म्हणून मुलं हा विषय घेत. ती पहिल्यांदा माझ्या नजरेत भरली तेव्हा तास संपला होता. बाकीचे डब्यांकडे धावले आणि ही वहीच्या कोपऱ्यात दिवस मोजत बसली होती.

"सर, कोर्टाची नोटीस मिळाल्यापासून उत्तराला तीस दिवस ना? नक्की?"

"अगं, वीस वर्षं हेच शिकवतोय."

तिची आई राहत्या खोलीतच शिवणकाम करी. ती खोली रिकामी करून मिळावी म्हणून घरमालकाने दावा लावला होता, हे मला नंतर कळलं. बाविसाव्या दिवशी मायलेकी उत्तर घेऊन कोर्टात गेल्या. खिडकीतला कारकून म्हणाला, "मुदत पंधरा दिवसांवर आली त्याला तीन वर्षं झाली. तीस कुणी सांगितले?"

"आमच्या सरांनी."

"मग सरांनाच आणा."

दुसऱ्या दिवशी ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी होती. रागावली नव्हती, नुसती दमलेली दिसत होती. उशीर माफ व्हावा म्हणून तिने स्वतःच अर्ज लिहिला होता. जुन्या पुस्तकातून चुकीचं शिकवलं, असं प्रतिज्ञापत्र मी त्याला जोडायचं होतं. उत्तर घेतलं गेलं नाही, तर त्यांचं म्हणणं न ऐकताच खोली जाणार होती.

मुख्याध्यापक म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?" दोन दिवस मीही टाळलं. तिने एकदाही विचारलं नाही. फक्त शेवटच्या बाकावरून उठून पहिल्या बाकावर येऊन बसली. तिसऱ्या दिवशी मी सही केली.

नुसत्या त्या अर्जावर सात तारखा पडल्या. आम्ही तिघं कोर्टाच्या बाकावर बसून राहायचो. आई कापडाला टीप घालत असायची.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," ती एकदा म्हणाली. "आम्ही शाळेची चढलो, तिथंच फसलो."

"आई, पुरे," मुलगी म्हणाली.

"बरं बाई. सर, तुमची बाही उसवलीय. पुढच्या तारखेला याच रंगाचा दोरा आणते."

आणलाही. सातव्या तारखेला न्यायाधीशांनी माझं प्रतिज्ञापत्र वाचून चष्म्यावरून पाहिलं. "पुस्तक किती जुनं?"

"माझ्या नोकरीइतकं, साहेब."

उशीर माफ झाला. उत्तर दाखल करून घेतलं. म्हणजे खटला आता कुठे सुरू झाला.

याला चौदा वर्षं झाली. ती वकील झाली नाही. बारावीनंतर टायपिंग शिकली आणि आता कोर्टाच्या जिन्याखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करते. आलेल्या माणसाची हकिगत ऐकण्याआधी ती नोटिशीच्या पाकिटावरचा शिक्का बघते आणि मग यंदाचं नियमांचं पुस्तक उघडते. मला पाहिलं की स्टूल पुढे सरकवते.

आई अजून त्याच खोलीत शिवते. पुढची सुनावणी येत्या नऊ तारखेला आहे.