मुळाशी गेलेला दात

दातांच्या डॉक्टरांसमोर आ वासून बसलो की मला हटकून एक तलाव आठवतो. पोंभुर्ण्याच्या बाजूचा, उन्हाळ्यात पार तळाला गेलेला. डॉक्टर विचारतात, "दुखतंय का?" मी म्हणतो, "नाही हो, केस आठवली!" तोंडात आरसा असल्यामुळे त्यांना त्यातलं काही कळत नाही, आणि मला सांगायची तर भारी खुमखुमी असते. म्हणून इथे सांगतो.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पाणी ओसरलं की गावातले मासेमार शेवटची मासेमारी एकत्र करतात आणि घरोघर वाटा पोचवतात. त्या वर्षी पाणी कधी नव्हे इतकं आटलं, आणि जाळ्यात मरळीबरोबर माणसाचा जबडा आला. गाळ उपसला तेव्हा बाकीची हाडंही निघाली. पंचनामा केला, मर्ग म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी दात पाहिले. पार झिजलेले, सपाट. म्हणाले, म्हातारा माणूस दिसतो.

लगेच गर्दीतून एक जण पुढे आला. धिप्पाड, बोलका, हातात खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची पुडी.

"साहेब, हे तं आपले बाबाजी होय. मंदिरापाशी राहत जाय, मंग दिसलेच नाई. पाय घसरला असन बिचाऱ्याचा."

मंडळींनी माना डोलावल्या. आकस्मिक मृत्यू, फाईल बंद, असा सगळा सुटसुटीत मामला. पण दुपारी ठाण्यात एक बाई आली. तरुण, कपाळाला ठसठशीत कुंकू. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी तेलंगणात मिरची तोडायला गेला तो परतला नव्हता. सोबत होता त्याचा जोडीदार, म्हणजे तोच बोलका गडी. दोघं एकाच डोंग्यातून जाळं टाकायचे. जोडीदार एकटाच परत आला आणि त्याने गावभर सांगितलं, की हिचा नवरा तिकडच्या एका बाईसोबत निघून गेला.

"साहेब, ते हाडं माह्या मालकाचे असन," बाई म्हणाली.

"बाई, ती म्हाताऱ्याची आहेत. दात बघा ना किती झिजलेत."

"माह्या मालकाचेही झिजलेच होते. पोरगा होता तवापासून खर्रा खाये. दिवसभर करकर, करकर." मग माझ्या टेबलावर हात ठेवून म्हणाली, "मले रांडाव म्हना साहेब, चालते. टाकून देलेली नका म्हनू. नळावर बाया मले रोज थेच आयकवतेत."

आता सांगा, यानंतर फाईल कशी बंद करणार?

नागपूरला दंत महाविद्यालयात एक डॉक्टरबाई ओळखीच्या होत्या. सरकारी पत्र आणि सीलबंद डबा घेऊन मी स्वतःच गेलो. त्यांनी दाताचं मूळ निरखून पाहिलं आणि त्या हसल्या. "साहेब, दाताचा वरचा भाग खर्रा खाऊ शकतो. मूळ जबड्यात लपलेलं असतं, तिथे खर्र्याचा हात पोचत नाही."

मुळावर एक पातळ थर असतो, सिमेंटम नावाचा. चंद्रपूरच्या माणसाला सिमेंट म्हटलं की धूळ आणि ट्रक दिसतात, पण हे काम खरंच तसलंच: दाताला जबड्याशी बांधून ठेवायचं. बारीक तंतू एका टोकाने या थरात रुतलेले असतात, दुसऱ्या टोकाने हाडात. गंमत पुढेच आहे. हाड आयुष्यभर झिजतं आणि नव्याने बनतं, जुनं पुसून टाकतं. सिमेंटम पुसत नाही. वर्षाला साधारण एक फिकट आणि एक गडद रेघ चढवत राहतं, झाडाच्या खोडासारखं. मुळाचा कागदाहून पातळ काप काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली रेघा मोजायच्या आणि तो दात ज्या वयात येतो ते वय त्यात मिळवायचं. हरणा-अस्वलांचं वयही असंच काढतात म्हणे.

"थोडं इकडेतिकडे होईल," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण हा माणूस तिशीच्या आसपासचा. म्हातारा तर मुळीच नाही."

आता नजर जोडीदाराकडे वळणं साहजिक होतं. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मी गावात मासळीचे वाटे पोचवणाऱ्या आत्याबाईंच्या ओसरीवर जाऊन बसलो. म्हातारीने इकडचं तिकडचं सांगितलं आणि मध्येच फिस्सकन हसली.

"भाऊ, आमच्या गावात येक तमाशाच हाय. तो गडी आपल्या तलावाचा मासा खातच नाई! वाटा देला तं शेजाऱ्याले देते. अन् सोता आठवडी बाजारात मासे इकत घेते. मासेमार मानूस, इकत!"

मी चहा अर्धाच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी जोडीदाराला चौकशीला बोलावलं. दुपारची वेळ, ठाण्यात जेवणाची गडबड. मी मुद्दाम त्या तलावातल्या मरळीचा रस्सा करवून घेतला होता. लाल, तिखट, वर तेलाचा तवंग. ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"घ्या, तुमच्याच तलावाचा."

"पोट बरं नाई साहेब."

"काऊन? बाजारातला मासा पचतो, घरचा नाही पचत?"

तो ताटाकडे बघेना. मी माझा घास घेतला, अगदी चवीने. खरं सांगतो, रस्सा फर्मास होता. मग शांतपणे म्हणालो, "बाबाजी नव्हता तो. दाताच्या मुळाने वय सांगितलं. तुमच्याच वयाचा होता."

त्याचा चेहरा गाळासारखा झाला. त्याने ताट दूर सारलं. मग तो हुंदका देत बोलला, "तो तेलंगणात गेलाच नाई साहेब, मी एकलाच गेलो. निघाच्या आदल्या राती डोंग्यातच भांडन झालं. कोपऱ्यावर जाळं कोन टाकन म्हून. म्या बांबू हानला. तो पान्यात गेला अन् वर आलाच नाई. तवापासून मासा पाहला का मले वाटते, यानं थ्याले खाल्लं असन."

पोलिसासमोरचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण पंचांसमोर त्याने आपल्या घराच्या आढ्यावरून मयताचं जाळं काढून दिलं. चांगलं विणलेलं जाळं त्याच्यातल्या मासेमाराला फेकवलं नव्हतं. बाईने एका गाठीवर बोट ठेवून ते ओळखलं. मयताच्या आईच्या रक्ताशी हाडांचा डीएनए जुळला आणि खटला उभा राहिला.

नोकरीत मी माणसांचे चेहरे पुष्कळ वाचले. या केसने मला शिकवलं की वरवर दिसतं ते माणसाच्या सवयींनी घासलेलं असतं. खरं विचारायचं तर जिथे कुणाचा हात पोचला नाही तिथे जाऊन विचारावं, मग ते दाताचं मूळ असो की माणसाचं जेवणाचं ताट.

बाई अस्थी घ्यायला आली तेव्हा कपाळ मोकळं होतं, आणि नळावरच्या त्याच बाया तिच्या मागे गुमान उभ्या होत्या. मी तिला सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवला. ती रेघांकडे बघत राहिली.

"ह्या मधातल्या लहानपनच्या?"

"हो. बाहेरच्या शेवटच्या."

तिने अगदी काठावरच्या रेघांवरून बोट फिरवलं.

"म्हंजे ह्या माह्या घरच्या," ती म्हणाली, आणि फोटो पदरात घेतला. तो सरकारी मुद्देमाल होता. मी हवालदाराला दुसरी प्रत काढायला सांगितली.