चाल कुणाची? जळगाव ते पिंपळनेर, एका कॅसेटमागे

रविवारी सकाळी सहाच्या गाडीने मी भांडायला निघाले. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. पिशवीत पाण्याची बाटली, वडिलांचा छोटा टेपरेकॉर्डर, चार नवे सेल, एक कोरी कॅसेट आणि विलासची कॅसेट.

विलास आणि मी जळगावला एकाच कॉलेजात होतो. तो गिटार वाजवायचा, मी पेटी. नंतर तो मुंबईला गेला, मी बँकेत लागले. चार वर्षांनी त्याच्या कार्यक्रमाची कॅसेट बाजारात आली. थेट मंचावर ध्वनिमुद्रित केलेली, टाळ्या-शिट्ट्यांसकट. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं लागलं आणि मी खुर्चीतून उठलेच. मधल्या भागातली ती चढत जाणारी सुरावट माझी होती! कॉलेजच्या मागच्या खोलीत, पेटीवर बसवलेली. कॅसेटच्या कागदावर मात्र संगीत म्हणून एकट्या विलासचं नाव.

दोन आठवडे कशात मन लागेना. कॅशमध्ये बसून ती सुरावट टेबलावर बोटांनी वाजवत राहायचे. मग कळलं, विलास आठवडाभर घरी पिंपळनेरला आलाय.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर आता रस्ता चांगला आहे. तेव्हा जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचायलाच साडेनऊ व्हायचे. मी तीनदा जागा बदलली. खिडकीशी धूळ, मागे हादरे, पुढे इंजिनाची धग. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून उगाचच गाडीभोवती चक्कर मारली. मनात वाक्यं जुळवत होते. ‘मी तुझ्याकडून ही अपेक्षा केली नव्हती’ हे फारच सिनेमातलं वाटलं, म्हणून खोडलं.

धुळ्याच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली. तिखट होती, पण दुसरी प्लेटही घेतली. चहा मात्र दोनदा उकळलेला. साक्रीच्या गाडीत शेजारी एक आजोबा बसले. माझ्या मांडीवरच्या टेपकडे बघून म्हणाले, “ताई, याना मा काय शे?”

“गाणी आहेत, आबा.”

“मंग लावा ना. बठ्ठासले आयकू द्या.”

लावलं असतं तर त्या तिसऱ्या गाण्याला ‘ही सुरावट माझी’ असं मी सगळ्या गाडीला सांगत सुटले असते. सेल संपतील असं सांगून वेळ मारून नेली.

साक्रीनंतर शेतं हळूहळू डोंगरांकडे सरकत जातात, हवाही बदलते. मला तेव्हा त्यातलं काही दिसलं नाही. पिंपळनेरला साडेबाराला उतरले. विलासचं घर गावाच्या कडेला होतं. दारात एक बाई सुपात नागली, म्हणजे नाचणी, पाखडत बसल्या होत्या. त्या विलासच्या आई, सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं.

“कोन शे?”

“मी जळगावहून आले. विलासच्या कॉलेजातली.”

“ये, बठ. तो नदीवर ग्या शे, येई आते.”

मला बसवेना. अक्कांनी पाणी दिलं, नागलीची भाकर आणि उडदाचं वरण वाढलं. जेवता जेवता मी विचारलं, “विलासची कॅसेट ऐकली का?” त्यांनी हसून घराकडे हात केला. घरात वाजवायला काही नव्हतंच. मग मी टेप काढला. खरं सांगायचं तर त्यात माझा स्वार्थ होता. विलास यायच्या आत कुणालातरी ते गाणं ऐकवून ‘हे माझं’ म्हणायचं होतं.

आधी टाळ्यांचा गजर आला. अक्का दचकल्या. “इतला लोक त्याले आयकाले ऊनात?” आणि पदर नीट केला, जणू ते लोक अंगणातच आलेत.

गाणं सुरू झालं. पहिल्याच ओळीला त्यांचा चेहरा बदलला.

“हाई तर मनं गानं शे.”

मला वाटलं, मुलाचं ते आपलं, असं म्हणत असतील. पण त्या सांगत गेल्या. “मना भाऊ सुरतले ग्या, तवयनं शे. मी खुरपाले जाऊ, तवय म्हनू.” भाऊ परत आलाच नाही, हेही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं.

मग आठवलं. मागच्या खोलीत विलास काहीतरी गुणगुणत आला होता. दोन ओळी म्हणून तो मध्येच थांबायचा, बराच वेळ थांबायचा. ती रिकामी जागा मला सहन होईना. म्हणून मी तिथे सूर भरले होते.

टेपवर नेमके तेच सूर आले. मी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी नकारार्थी मान हलवली.

“आठे थांबनं पडस. वाट देखनी पडस ना. हाऊ भरी काढस बठ्ठं.” थांबून वाट बघायची ती जागा विलास सगळी भरून काढतो, असं त्या म्हणत होत्या; आणि भरणारी तर मी होते.

दाराशी विलास उभा होता. केस ओले, खांद्यावर टॉवेल. तो कधी आला ते कळलं नव्हतं.

“तुझं नाव टाकायला हवं होतं,” तो मला म्हणाला. “मला माहीत होतं तू येशील.”

“आणि यांचं?”

त्याने खांद्यावरचा टॉवेल ओढून हातात घेतला. मग आईकडे न बघता म्हणाला, “मंचावर थांबून पाहिलं होतं एकदा. गाणं संपलं समजून लोक टाळ्या वाजवतात. भीती वाटते. तुझी सुरावट आली की वाचतो.”

जुळवून आणलेली वाक्यं मी सोडून दिली. मी अक्कांना एकदा म्हणून दाखवायला सांगितलं आणि टेपमध्ये कोरी कॅसेट घालून रेकॉर्डिंगचं लाल बटण शोधू लागले. त्यांनी माझा हात धरला. “मशीनमा नको. माले लाज वाटस.”

मी टेप बाजूला ठेवला. त्या सूप हातात घेऊनच गायल्या. दोन ओळी झाल्यावर थांबल्या आणि अंगणापलीकडच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. किती वेळ ते सांगता येणार नाही. विलासने खाली बघितलं. मला उठून पळावंसं वाटत होतं. मग तिसरी ओळ आली.

तीनच्या गाडीला विलास सोडायला आला. “पुढच्या खेपेला दोघींची नावं टाकतो,” म्हणाला.

जळगावला घरी पोचले तेव्हा वडील वाट बघत होते. “काय गं, भांडलीस का?” मी नाही म्हटलं आणि सरळ पेटी बाहेर काढली. चार वर्षांत पहिल्यांदाच.

दोन महिन्यांनी विलासचं पत्र आलं. नाशिकच्या कार्यक्रमात तो त्या जागी थांबला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपेपर्यंत तो उभा राहिला, सगळं शांत झाल्यावर पुढची ओळ घेतली. कॅसेट मात्र पुन्हा निघाली नाही, त्यामुळे नावांचा प्रश्नही तसाच राहिला.

लोक विचारतात, त्या फेरीतून काय मिळालं? मी अजून ते गाणं पेटीवर घेते. दोन ओळी वाजवून हात मांडीवर ठेवते. बोटं शिवशिवतात. बऱ्याचदा मी पुरती थांबू शकत नाही.