काचेवर वाजवलेले बोट

तीन वर्षांपूर्वी, उन्हाळा सुरू होताना, धंतोलीतल्या एका स्कॅन सेंटरमध्ये एका बाईंच्या जबड्याचे स्कॅन चालू होते. यंत्राची खोली आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या काचेवर दोनदा बोट वाजले. ते बोट माझे होते. हे मी घरी सांगितलेले नाही, कार्यालयात नाही, आणि ज्याला सांगायला हवे होते त्याला तर नाहीच. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे.

मी एका दैनिकात आरोग्याचे पान सांभाळतो. तेव्हा कोन बीम सीटी या यंत्रावर अर्धे पान करायचे ठरले होते. यंत्राचा हात डोक्याभोवती एक फेरी मारतो आणि हाडाचे सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येईल असे चित्र तयार होते. दाताच्या डॉक्टरांना ते इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात कृत्रिम दात बसवायला, लागते, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना सायनससाठी. जनावरांचे एक डॉक्टर सांगत होते की कुत्र्याच्या दाताच्या मुळाशी साचलेला पू साध्या एक्स-रेत निसटतो, यात सापडतो. "फक्त हालाचं नाही, एवढंच. आमचे पेशंट बरे, भूल दिली की पडून राहतेत," असेही ते म्हणाले. मी ते वाक्य बातमीत घेतले. म्हणजे मला माहीत होते — हलायचे नाही, हे मला माहीत होते.

सेंटरमधला तंत्रज्ञ प्रफुल. वय सत्तावीस-अठ्ठावीस, पदविका घेतलेला, कामात चोख. पेशंट कुंदाताई, मनीषनगरच्या, एका कार्यालयात कारकून. उजवीकडची खालची दाढ गेलेली, तिथे इम्प्लांट बसवायचे होते. फोटोला त्यांनी आनंदाने होकार दिला होता. सेंटरच्या डॉक्टरांची अट एकच होती: फोटो स्कॅनच्या आधी घ्या, स्कॅन चालू असताना काचेजवळ जाऊ नका.

प्रफुलने त्यांची हनुवटी आधारावर टेकवली. "काकू, आता वीस सेकंद पुतळा व्हा. थुंकी गिळू नका."

"अन् शिंक आली तं?"

"तिले म्हणा, बाहेर बस."

"लग्नातल्या फोटोवाल्यानं बी एवढं चूप नाही बसवलं गा मले."

मी हसलो. प्रफुल बाहेर आला, काचेकडे पाठ करून संगणकासमोर बसला. माझ्याकडे आधी काढलेले चार फोटो होते. चारही निर्जीव — यंत्र थांबलेले, बाई अवघडलेल्या. आता यंत्राचा हात फिरत होता, उजेड चांगला होता, फक्त बाई समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. आमच्या धंद्यात एक सवय लागते. सत्कार असो की अपघात, माणूस कॅमेऱ्याकडे पाहत नसेल तर आपण टिचकी वाजवतो, "इकडे, इकडे" करतो. मी फोन वर धरला आणि काचेवर बोट वाजवले. एकदा त्यांना ऐकू गेले नाही. म्हणून पुन्हा. प्रफुलच्या शेजारी प्रिंटर खडखडत होता, त्याला ते ऐकू गेले नाही.

आधी डोळे वळले. मग हनुवटी — किती? केसभर? त्याहून थोडी जास्त? मी फोटो घेतला. चांगला आला.

प्रफुलने पडद्यावर चित्र पाहिले आणि तो थांबला. कडा जरा दुहेरी वाटत होत्या. त्याने आत जाऊन विचारले, "काकू, हालल्या काय तुम्ही?" त्या म्हणाल्या, "नाही गा." त्या खोटे बोलत नव्हत्या, मान जराशी वळणे म्हणजे हलणे, हे त्यांना कोणी सांगितले होते? मग त्याने मला विचारले. "सर, तुम्ही इथं उभे होते. बाई हालल्या का?"

स्कॅन पुन्हा घ्यायचे तर तिथल्या रजिस्टरमध्ये कारण लिहावे लागते. ते रजिस्टर डॉक्टर रोज पाहतात.

मी म्हणालो, "नाही."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. एवढ्याशा पुसटपणासाठी बाईंना पुन्हा किरणांसमोर बसवणे त्याला बरे वाटले नाही, असे तो नंतर म्हणाला. स्कॅन पुढे गेले. पुढच्या आठवड्यात इम्प्लांट बसले. भूल उतरली, पण कुंदाताईंच्या खालच्या ओठाची उजवी बाजू जागी झाली नाही. जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या नसेला धक्का लागला होता. त्यांना चहा ओठावरून ओघळलेला कळत नाही. कार्यालयात डबा खाताना त्या रुमाल तोंडाशी धरून बसतात, असे त्यांनीच मला फोनवर सांगितले. मी विचारपूस करायला फोन केला होता — विचारपूस!

पुसट स्कॅनमुळे मोजमाप चुकले, असे दाताच्या डॉक्टरांचे म्हणणे. ते एकमेव कारण होते का, हे सिद्ध झालेले नाही. या शेवटच्या वाक्यामागे मी किती महिने लपलो? ते वाक्य खरे आहे. म्हणूनच लपायला सोयीचे होते.

सेंटरच्या डॉक्टरांचा फोन आला. प्रफुल म्हणतो, त्याने दोघांनाही विचारले होते. खरे आहे का? मी सांगितले, मी टिपणे काढत होतो, माझे लक्ष नव्हते. हे दुसरे खोटे. पहिले घाईत निघाले होते. दुसऱ्याआधी मी खुर्चीवरून उठलो, दार लावले, पाणी प्यायलो. प्रफुलला त्या महिन्यात काढले.

फोटो पाचव्या पानावर छापून आला होता. कात्रण फ्रेम करून सेंटरमध्ये लावले आहे. यंत्राचा हात मध्यावर आहे आणि बाई थेट कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. डॉक्टर समजतात, तो आधी घेतलेला फोटो आहे. त्या रस्त्याने जायचे झाले की मी अजून पलीकडच्या कडेने जातो: आज कोणी नीट पाहिले तर?

काही महिन्यांनी प्रफुल कार्यालयात आला. दुसरीकडे मुलाखत होती, आणि जुन्या ठिकाणाहून काय सांगतील याची त्याला धास्ती होती. "सर, तुम्ही तिथं होते. एक कागद लिहून द्या नं. म्या विचारलं होतं, एवढं लिहा फक्त." मी लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या. मेहनती, नम्र, वक्तशीर. त्याने विचारले होते, ही ओळ त्यात नव्हती. त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला. 

गेल्या सोमवारी मी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्याच्या फाटकावर चौकशी केली. प्रफुल तिथे गोदामात आहे. त्याची पाळी दोनला सुरू होते. मी दीडला तिथून निघालो.