मेकअप रूमच्या दारातल्या काकू

मुलुंडच्या शालेय नृत्यस्पर्धेत मी दरवर्षी स्वयंसेवक असते. मुलींच्या मेकअप रूमवर नियमांचा फलक आहे, पण दाराला कडी नाही. म्हणून वेशभूषेच्या काकू दारातच खुर्ची टाकून बसतात. मुली कपडे बदलत असताना कुणाच्या बापालाही आत सोडत नाहीत.

यंदा फोटोग्राफर आला. "काकू, दोनच फोटो. सरांनी सांगितलंय."

"पोरी नटान भायर इल्यार काढ रे, होये तेवढे."

मुली बाहेर येईपर्यंत थांबायचं सोडून तो आयोजक सरांनाच घेऊन आला. सर हसत म्हणाले, "काकू, पुढच्या वर्षी काम नको वाटतं?"

काकूंचा चेहरा उतरला, पण त्या उठल्या नाहीत. "यंदा तरी मी हंयच आसंय, सर."

दारात उरलेल्या जागेत मी जाऊन उभी राहिले.