उघड्या गाडीचा ड्रायव्हर

गंगापूरच्या स्टँडबाहेर त्या सकाळी जीप भरता भरत नव्हती, म्हणून बाबांना आणि मला तासभर शेजारी शेजारी उभं राहावं लागलं. दोघांनाही बोलायची सवय नव्हती. माझ्या बॅगेत दोन ड्रेस, मायनं फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि नवंकोरं लायसन. शेवटी जीपवाल्यानं हाक दिली तेव्हा बाबा म्हणाले, "मिलिंद, शहरात कुणाला दबून ऱ्हाऊ नको. हातात काम असल्यावर माणसानं कशाला दबायचं?" जीप वळली आणि मी मागं पाहिलं, तर ते पाठमोरे चालू लागलेले होते. खांद्यावर थापी आणि ओळंब्याची पिशवी. माझ्यापायी त्यांना कामावर उशीर झाला होता.

बाबा गवंडी. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची, आमच्या वस्तीवरचा बुद्धविहारसुद्धा.

तिथून संभाजीनगर, तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो, सव्वा तासाची वाट. एवढ्याशा अंतराला कुणी घर सोडणं म्हणत नाही. तुमच्यातले जे पुण्याला गेले, दुबईला गेले, त्यांना माझं हे लिहिणं हसण्यासारखं वाटेल. वाटू द्या.

मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनाजवळ एक खोली घेतली. आधी चिकलठाण्याच्या कारखान्यांमधून मालाचा टेम्पो चालवला. टेम्पोवाल्याला कुणी नावही विचारत नाही, तो काळ बरा होता. मग एका कारखान्याच्या मालकांनी घरच्या गाड्यांवर ठेवून घेतलं. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. शेठ वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगतो. दिवाळीला कपडे करतात, माझ्या पोरीच्या शाळेतल्या प्रवेशासाठी त्यांनी स्वतः फोन केला. वाईट माणसाचं काम सोडणं सोपं असतं.

दोन वर्षांनी त्यांनी ती गाडी आणली. काळी, दोन दारांची, कापडी टपाची. बटण दाबलं की टप घडी होऊन मागं डिक्कीत जायचा. सीटा पांढऱ्या चामड्याच्या. आपल्याकडच्या धुळीत पांढऱ्या सीटांची उघडी गाडी म्हणजे काय, हे शेठना कळत नव्हतं असं नाही. धूळ पुसायला मी होतो.

टप ओला असताना घडी करायचा नाही, आत बुरशी धरते. धुळीनं भरलेला असतानाही नाही, कारण घडीत अडकलेली धूळ कापड घासत राहते. म्हणून रोज सकाळी आधी मऊ ब्रश, मग ओलसर फडकं, मग सुकेपर्यंत थांबायचं. टप उघडायचा असेल तर डिक्कीत साधी छत्रीसुद्धा नको, खाली येताना अडकतो. गाडी लिंबाखाली लावायची नाही, चिंचेखाली नाही, तारांखाली तर नाहीच, तिथं कबुतरं बसतात. उन्हात पाच मिनिटं उघडी राहिली तरी सीटा तव्यासारख्या तापतात, म्हणून चार पांढरे टॉवेल कायम माझ्याजवळ. पुढं उसाचा ट्रक दिसला की मागं राहायचं, पाचट उडून आत पडतं.

आणि टप उघडा असेल तर गाडी सोडून जायचं नाही. बंद गाडी लोक काचेतून बघतात, उघड्या गाडीत हात घालतात. स्टेअरिंग धरतात, सीट दाबून बघतात, आत बसून फोटो काढतात. शेठ रविवारी सकाळी टप उघडून स्वतः चालवायचे, शेजारी मॅडम. मी मोटारसायकलवर पुढं जाऊन हॉटेलासमोर सावलीची जागा धरून ठेवायचो आणि त्यांचा नाश्ता होईपर्यंत गाडीजवळ उभा राहायचो. तहान लागो की लघवी, हलायचं नाही. पहिल्या सहा वर्षांत टप उघडा ठेवून मी ती गाडी फार तर फाटकापासून शेडपर्यंत चालवली असेल.

उभ्या उभ्या मला एक सवय लागली. येणाऱ्या माणसाचं तोंड मी बघेनासा झालो, फक्त हात बघायचो. अंगठी आहे का, किल्ल्या आहेत का, हात ओला आहे की तेलकट. तो वीतभर लांब असतानाच माझ्या तोंडून निघायचं, "हात लावू नका." साधेपणानं म्हटलं तर कुणी ऐकत नाही, त्यात जरब लागते. ती मी शेठकडून उचलली. पुढं ती घरीही यायला लागली. बायको म्हणायची, "गाडीजवळचा आवाज घरात नका आणू." मी हसण्यावारी न्यायचो.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. तिचं नाव मित्रा. वरातीला ती गाडी मिळेल का, हे मीच शेठना विचारलं. हौस म्हणा. पण हौसेच्या मागं एक गोष्ट होती. माझ्या आत्याच्या लग्नात, बाबा तेव्हा विशीतले, गावानं वरात मोठ्या गल्लीतून जाऊ दिली नव्हती. नवरा-नवरीला नाल्याच्या कडेकडेनं काढावं लागलं होतं. आता तसं कुणी अडवत नाही. पण न अडवणं वेगळं आणि त्याच गल्लीतून उघड्या गाडीत, सगळ्यांना दिसत, सावकाश जाणं वेगळं. फोनवर सांगितलं तर बाबांनी आधी वरात कुठून जाणार ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "टप उघडा ठिवू देतील ना?"

शेठनी गाडी दिली. मॅडमनी अटी सांगितल्या. चिकटपट्टी नाही, फुलं दोऱ्यानंच बांधायची, गुलाल नाही, मागं नवरा-नवरीशिवाय कुणी बसायचं नाही. निघताना शेठनी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले. "आल्यावर असेच काढू," म्हणाले.

गंगापूरच्या रस्त्यानं टप बंद ठेवून आलो. गावाबाहेर थांबून सगळी गाडी पुसली, मग टप उघडला. लग्न विहारात लागलं. पांढऱ्या साडीतली मित्रा आणि जावई मागच्या सीटवर बसले. गाडीभोवती अख्खी वस्ती जमली होती. मी दारापाशी दोन्ही हात पसरून उभा, तोंडानं चालूच, "लांब व्हा, हात लावू नका, लांब."

गर्दीतून बाबा आले. नवा पांढरा सदरा, डोक्याला निळा फेटा. त्यांनी गाडीकडं बघितलं आणि तळहात पुढं केला. गिलावा झाल्यावर भिंत सपाट आली का हे बघायला ते हात फिरवतात, तसाच, अगदी हळू. सिमेंटनं त्यांच्या बोटांना कायमच्या भेगा पडल्यात. मला त्या भेगा दिसल्या आणि शेठनी काढलेले फोटो आठवले.

"हात लावू नका. ओरखडे पडतील."

गर्दीत कळलं नाही, सवयीनं निघून गेलं, असं मी नंतर बायकोला सांगितलं. ते खोटं आहे. बाबा आहेत हे मला दिसत होतं. आवाज तोच होता, हॉटेलासमोरचा.

आजूबाजूचे आमच्याकडं बघायला लागले. बाबांनी हात मागं घेतला, सदऱ्याला पुसला. "व्हय, व्हय," म्हणाले, जशी काही चूक त्यांचीच. जावयाचे मामा समजूतदार, त्यांनी सावरून घेतलं. "पाव्हणे, तुमी पुढं बसा की पोराजवळ." मीही घाईघाईनं पुढचं दार उघडलं. आणि उघडता उघडताच माझ्या हातांनी सीटवर टॉवेल अंथरला. बाबांनी टॉवेलाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"नाय, मी चालतो," ते म्हणाले. "पोरीच्या वरातीत बापानं चालावं."

मोठ्या गल्लीतून गाडी सावकाश गेली. लोक ओट्यांवर उभे राहून बघत होते, कुणी मोबाईलवर शूटिंग करत होतं. ज्याच्यासाठी एवढं केलं ते घडत होतं, आणि आरशात मला बाबा दिसत होते. गाडीच्या मागं, धुळीत, पायी, त्यांनीच बांधलेल्या घरांच्या मधून. कुणीतरी निळा गुलाल उधळला. मी ब्रेक मारला, मागं वळलो आणि ओरडलो. मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं ते सासरी जायच्या दुःखानं, असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेठनी गाडी बारकाईनं बघितली. ओरखडा कुठंच नव्हता. मागच्या सीटच्या शिवणीत मात्र गुलाल गेला होता. बोटानं तो दाखवत ते हसले, "तुमचा निळा रंग लवकर निघत नाही रे." मीही हसलो. दोन दिवस टूथब्रश घेऊन ती शिवण घासत बसलो.

आठवड्यानं मायचा फोन आला. लग्नाची भांडी परत केली, पाव्हणे खूश होते, असं सांगत सांगत मधेच ती म्हणाली, "तुझ्या आज्याचा कप हाटेलात येगळा हुता. बाहीर वळचणीला ठिवलेला. तुझे बाबा बारके हुते, आज्याबरुबर जायचे. एकदा त्यांचा हात भज्याच्या परातीला लागला तर मालक वराडला, हात लावू नको म्हणून. तवापासून आज्यानं त्या हाटेलात पाय ठिवला नाय."

मी विचारलं, "बाबा काही म्हणाले का?"

"ते काय म्हणतेत? काईच नाय म्हणले. मलाच आठवलं."

पुढच्या महिन्यात मुद्दाम गावी गेलो. बाबा अंगणात थापी धूत बसले होते. मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी वरातीला..." त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "गाडी लई भारी हुती. समद्या गावानं बघितली," म्हणाले आणि समोरच्या घराच्या नव्या भिंतीला पाणी मारायला निघून गेले. त्यांनी तो विषय माझ्या हातून काढून घेतला. पुन्हा काढायची हिंमत मला झाली नाही.

नोकरी सोडली का, असं तुम्ही विचाराल. नाही सोडली. पोरगी शिकतेय, खोली जाऊन आता दोन खोल्या झाल्या. रविवारी सकाळी मी अजून त्या गाडीजवळ उभा असतो. आता लोकांना तोंडानं काही म्हणत नाही, नुसता मधे जाऊन उभा राहतो. त्यानंही काम होतं.

मध्यंतरी बाबा डोळे दाखवायला शहरात आले होते. दारात चपला काढून उभेच राहिले. सोफ्याकडं बघून म्हणाले, "हितं बसू का?" माझी पोरगी हसली, तिला वाटलं आजोबा गंमत करतायत. तिनं हात धरून त्यांना बसवलं. दोन दिवस राहिले, पण पाण्याचा तांब्या घेतानाही सुनेला आधी विचारायचे.

गावी गेलो की मी पूर्वी उंबऱ्यावरच बसायचो, माय तिथंच ताट आणून द्यायची. आता मी अंगणात दिसलो की बाबा आतून प्लास्टिकची खुर्ची आणतात आणि खांद्यावरच्या उपरण्यानं ती पुसतात. आधी पाठ, मग हात, मग बसायची जागा. मी नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. तुमच्यातले जे गावातच राहिले त्यांना यात काही वावगं दिसायचं नाही, बाप लेकाचं कौतुक करतोय असंच वाटेल. जे घर सोडून गेले त्यांना मात्र कळेल. घरच्या माणसासाठी कुणी खुर्ची पुसत नाही.

"बस," बाबा म्हणतात.

मी बसतो.