सीलचं तोंड पाण्याकडं

चाळीस वर्षं मी ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स खोलतोय. त्यामुळं गावच्या पुराच्या बोटीची मोटर बोटीवरच्या गड्यांनी माझ्या दारात आणून टाकली, तेव्हा मी हसलोच. तिच्या खालच्या गिअरबॉक्समधलं तेल दुधाळ झालं होतं. म्हणजे पंख्याच्या शाफ्टवरची दोन्ही ऑइल सील, म्हणजे रबरी कडी, झिजली होती आणि आत पाणी शिरत होतं. "ह्यात काय हाय की! दुपारपर्यंत घिऊन जावा," म्हणालो.

पूर आला की आमच्या गावाचा रस्ता बुडतो, ते दरवर्षीचंच. पण आता माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला कोल्हापूरला जावं लागतं. रस्ता बुडाला की तिला ही एकच बोट.

जुनी सील पेचकसानं उचकटून भंगाराच्या डब्यात फेकली. नवी बसवली, दोन्हींची तोंडं आत, तेलाकडं. सीलचं तोंड, म्हणजे ओठासारखी कड, ज्या बाजूला असते तिकडचंच ते अडवतं. ट्रॅक्टरला तसंच बसवतात, तेल बाहेर येऊ नये म्हणून. अर्धा तास नदीत बोट फिरवली, गडी खूश झाले. ते घाट चढून वर गेल्यावर मी खालचा स्क्रू ढिला करून बघितला. तेल पुन्हा दुधाळ!

"काय मिस्त्री, झालं न्हवं?" बोट चालवणाऱ्यानं वरनं विचारलं.

"झालं की," म्हणालो आणि स्क्रू आवळला.

लाज वाटली, दुसरं काय! आख्ख्या तालुक्यात माझं नाव, आणि दोन रबरी कड्यांनी अब्रू घालवावी? वाटलं, चार दिवसांनी हळूच बघू. संध्याकाळी आक्का घरी आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "बोट ह्यानं केलीया म्हणं. आता मला घोर न्हाय बघ." मी अर्ध्या भाकरीवरनं उठलो. आक्का गेल्यावर बायको म्हणाली, "एरंडेल प्यायल्यागत तोंड का केलंय?" मी तिच्यावरच खेकसलो.

सकाळी उठून भंगाराचा डबा पालथा केला. जुनी सील गंजून एकमेकांना चिकटलेली, पाठीला पाठ लावून. एकाचं तोंड तेलाकडं, दुसऱ्याचं पाण्याकडं. अरे देवा! ट्रॅक्टर काय नदीत पोहत नाही. बोटीला तेल आत राखायचं असतं आणि पाणीही बाहेर थोपवायचं असतं. 'आधी बघा, मग काढा' म्हणून कामगारांवर जन्मभर ओरडलो, आणि स्वतः न बघता काढलं.

घाटावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "मोटर उतरवा. मी उलटं बसवलंय, आन् काल खोटं बोललोय." कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, तुमी बी?" मी ऐकून घेतलं. नवी सील आणली, पाठीला पाठ लावून बसवली. आणखी तासभर बोट फिरवली, तेल स्वच्छ निघालं.

जुलैत रस्ता बुडाला. पहिल्याच फेरीला आक्का लाइफ जॅकेट घालून बोटीत बसली, शेजारी मी. पाण्याच्या मधोमध ती मोठ्यांदा म्हणाली, "अरं, पयल्यांदा उलटं बसवलंतंस म्हणं!"

सगळी बोट हसली. मीही हसलो.

"आख्ख्या गावाला सांगितलंस," ती हळू आवाजात म्हणाली, "मला तेवढं का न्हाय?"

"भ्या वाटलं. तू बोटीत बसली नसतीस."

"खुळा हाईस काय? न बसून जाणार कुठं मी?"

पलीकडचा काठ लागेपर्यंत मी मोटरीच्या आवाजाकडं कान लावून बसलो.